एका सूर्यास्ताभोवती

२०२४ सालच्या कॅलेंडरवर २५ डिसेंबरच्या चौकोनात फक्त 'नाताळ' छापलेलं होतं. पण आम्हा सहा मैत्रिणींच्या घरांत मिळून त्या तारखेला काय काय आहे, ते मी नोव्हेंबरात वहीत लिहून काढलं आणि बघतच राहिले. वसईच्या मैत्रिणीकडे नाताळ. टेंभी नाक्याच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मैत्रिणीकडे त्याच संध्याकाळी हनुक्का या त्यांच्या सणाचा पहिला दिवा. नौपाड्याच्या जैन मैत्रिणीकडे पार्श्वनाथ भगवानांचं जन्मकल्याणक, म्हणजे पोषदशमी. कळव्याच्या मैत्रिणीच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम, कारण १९२७ साली याच तारखेला महाडला बाबासाहेबांनी ते दहन केलं. आमच्या घरी मार्गशीर्ष चालू, २६ ला शेवटचा गुरुवार आणि त्याच दिवशी सफला एकादशी. फक्त मुरूडच्या मैत्रिणीपुढची ओळ कोरी राहिली. दोन्ही ईद कधीच होऊन गेल्या होत्या आणि रमजान यायचा होता थेट मार्चात.

आम्ही सगळ्या सकाळच्या ठाणे लोकलच्या लेडीज डब्यातल्या. इथे कुणाचं नाव घालत नाही. गाडीतही आम्ही एकमेकींना माहेरच्या नाहीतर राहत्या गावावरूनच हाक मारतो, तेच इथे ठेवते. वर्षानुवर्षं डबे वाटून खाल्ले, बाळंतपणं, बदल्या, आजारपणं एकमेकींना सांगितली. नवरात्रात नऊ रंगांचे कपडे घातले, दसऱ्याला डब्याला झेंडूचं तोरण बांधलं. पण हे सण आमचे, हिंदूंचे. बाकीच्या त्यात मनापासून यायच्या. त्यांच्या सणांचं आमच्यापर्यंत काय पोचायचं, तर डब्यातला खाऊ. वसईची नाताळानंतर केक आणायची, मुरूडची ईदनंतर शिरखुर्मा. सण मात्र होऊन गेलेला असायचा, आमच्यापैकी कुणीही त्यात नसताना. हे मला फार दिवस खटकत होतं. म्हणून थंडीत एक संध्याकाळ सगळ्यांनी घरच्यांसकट माझ्या चरईच्या घरी यायचं, असं मी डब्यात जाहीर केलं.

एक गोष्ट आधीच ठरवली होती. भिंतीवर ओम, चंद्रकोर, क्रूस, सहा कोनांचा तारा असं ओळीने लावायचं नाही. शाळेच्या गॅदरिंगला ते शोभतं. घरी आलेल्या माणसाला मोकळं वाटतं ते आपल्याला काय चालतं आणि काय चालत नाही हे या घराला ठाऊक आहे, हे कळल्यावर. त्यामुळे मी प्रत्येकीला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या. त्या दिवशी तुला काय चालणार नाही? आणि कुठल्या वेळी तुला काय करावं लागतं? 'तुझ्या सणाचं मी काय करू' असं मुद्दाम विचारलं नाही. त्यावर माणसं भिडेपोटी 'काही नको गं, बोलावलंस हेच खूप' म्हणतात. काय चालणार नाही हे विचारलं की खरं सांगतात.

आणि उत्तरं आली ती जवळजवळ सगळी घड्याळाची.

नौपाड्याची म्हणाली, आमचा चौविहार असतो. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. शिवाय २४, २५, २६ असा तिचा अठ्ठम होता, म्हणजे तीन दिवस उकळून गार केलेल्या पाण्यावरचा उपास, आणि २७ ला पारणं. त्याच्या आधी ती येऊ शकणार नव्हती. रविवारी, २९ ला, चौदस. त्या दिवशी त्यांना हिरवी भाजी चालत नाही. वसईचीही रविवारी सुटका नव्हती. २९ डिसेंबरला जगभरच्या धर्मप्रांतांत कॅथलिक चर्चच्या ज्युबिली वर्षाच्या प्रारंभाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, होती आणि ती गायनवृंदात गाते. म्हणजे उरला शनिवार, २८ तारीख. शनिवार म्हणजे टेंभी नाक्याचीचा शब्बाथ. शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत तिची आई वाहनात बसत नाही, काडी ओढत नाही. आईला घरी ठेवून ती येणार नव्हती, आणि मलाही ते नको होतं. मुरूडचीला मगरीबची नमाज सूर्य बुडाल्याबरोबर पढायची असते, ती फार पुढे ढकलता येत नाही.

मी पंचांग उघडलं. २८ डिसेंबरला ठाण्याचा सूर्यास्त सहा वाजून आठ-नऊ मिनिटांनी. एकीचं जेवण त्याच्या आत आटपायला हवं, एकीची नमाज त्याच क्षणानंतर, आणि एकीचं घराबाहेर पडणंच त्यानंतर तासाभराने. पार्टी 'सात वाजता या' असं सांगून उरकणारी नव्हती. मग मी ती सूर्यास्ताभोवतीच बांधली. साडेचारला सुरुवात. पहिली पंगत पाचला, दुसरी आठला, मधला वेळ ज्याचा त्याला. नौपाड्याच्या कुटुंबाला एकटं जेवायला बसवायचं नाही, म्हणून पहिल्या पंगतीला बाकीच्या घरांतलंही कुणी ना कुणी बसेल असं ठरवलं. लहान मुलांना तशीही पाचला भूक लागते.

जेवणाचं ठरवताना सगळ्यात आधी एक अवघड गोष्ट बोलून टाकावी लागली. आमच्याकडे मार्गशीर्षात मांस-मच्छी शिजत नाही, अंडं फुटत नाही. सासूबाईंचं ते कडक आहे, आणि त्या वर्षीचा मार्गशीर्ष ३० डिसेंबरपर्यंत होता. म्हणजे जेवण शाकाहारी. आपल्याकडे अशा वेळी 'शाकाहारी केलं की सगळ्यांना चालतं' असं पटकन म्हणतात. ते मला पटत नाही. सगळ्यांना चालतं हे खरं, पण वसईच्या घरात नाताळात मांसाचं इंद्याल नसेल तर तो नाताळ अपुरा असतो, आणि मुरूडच्या माणसाला माशाशिवायचं ताट हे पाहुणचाराचं ताट वाटत नाही. शाकाहार हा सगळ्यांच्या मधला भाग नाही, तो माझ्या घराचा त्या महिन्याचा नेम आहे. मी तसंच सांगितलं, की हे आमच्या मार्गशीर्षामुळे आहे, तुमचं जेवण कमी दर्जाचं म्हणून नाही. वसईची म्हणाली, "अगं, माझ्या इंद्यालात डुक्कर. ते तशीही दोघी खाणार नव्हत्या. आणि नाताळापासून घरात तेच चाललंय, मला तुझी भाकरीच हवी." टेंभी नाक्याचीला तर सोयीचंच झालं. त्यांच्यात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. मांसच नाही म्हटल्यावर लोणी, तूप, कढी सगळं मोकळं.

खरी परीक्षा कंदमुळांची, जी नौपाड्याचीला चालत नाहीत. कांदा, लसूण, बटाटा, आलं, गाजर, मुळा, काहीच नाही. वांगंही ती खात नाही, त्यात बिया फार म्हणून. थंडीत बाजार इतका भरलेला असतो की यातलं काही नसलं तरी अडत नाही. तुरीच्या शेंगा, वालपापडी, मटार, हरभऱ्याचे सोलाणे. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी केली. वाटण ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं आणि कोथिंबिरीचं, फोडणीत हिंग जरा सढळ हाताने. आल्याऐवजी सुंठ. सासूबाईंचं म्हणणं होतं की लसणीशिवाय तुरीची आमटी म्हणजे आजाऱ्याचं जेवण होईल. मी दाणे आधी तव्यावर तेलाच्या थेंबावर परतले, पार डाग पडेपर्यंत, आणि निम्मे भरडून घातले. त्या डागांमुळे जो खमंगपणा येतो त्याला लसूण लागत नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

कढीचं एक नौपाड्याचीने शिकवलं. कच्चं दही किंवा ताक डाळीच्या पिठात मिसळलेलं त्यांना चालत नाही, त्याला त्या विदल म्हणतात. आधी ताक चांगलं कडकडीत तापवायचं, मग त्यात बेसन लावायचं. ताक फाटेल या धास्तीने मी आच मंद ठेवून एकसारखी ढवळत राहिले. त्यांच्याकडे रोज अशीच करतात, आणि कढी उलट जास्त दाट, एकजीव झाली. पारण्याला एकच दिवस झालेला, म्हणून तिच्यासाठी साधे शिजवलेले मूग वेगळे ठेवले होते. सगळं त्याच दिवशी केलेलं, कारण आदल्या दिवशीचं शिळं तिला चालत नाही. भाकऱ्या बाजरीच्या, वर लोणी, तिळाची चटणी.

हनुक्का तेलाचा सण. जेरुसलेमच्या देवळात एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस पुरलं, ही त्यामागची कथा. म्हणून तळलेले पदार्थ हवेत. परदेशी पद्धतीने त्या दिवसांत बटाट्याचे पॅटीस करतात, पण इथे बटाटा नाही. जैन घरात बटाट्याच्या जागी कच्चं केळं येतं. उकडून, कुस्करून त्याचे पॅटीस तळले. केळी उकडताना सालासकट उकडायची आणि गरम असतानाच सोलायची, नाहीतर गर चिकट होतो. एका पॅटीसमध्ये दोघींची सोय झाली, आणि मुलांना तर कळलंही नाही की हा बटाटा नव्हे.

टेंभी नाक्याचीला मी मलिदा आणशील का म्हणून विचारलं होतं. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, सुका मेवा घालून ते लोक करतात, मी एकदा तिच्याकडे खाल्ला होता. ती म्हणाली, "मलिदा असा पार्टीला नाही गं आणत. तो एलियाहू हनावीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने, नवस फेडताना, शुभकार्याला. त्यावर प्रार्थना म्हणतात. मी पुऱ्या आणते." रवा-खोबऱ्याचं सारण भरून तळलेल्या त्या पुऱ्या डबाभरून आल्या. तिने 'नाही' इतक्या सहज म्हटलं याचा मला मनापासून आनंद झाला.

वसईचीचे फुगे आणि केक, दोन्हीत अंडं, केकमध्ये रमही. फुगे म्हणजे मैदा, अंडं, नारळाचं दूध यांचं आंबवलेलं पीठ हाताच्या मुठीतून पिळून गोळे तळतात ते, नाताळात त्यांच्याशिवाय चालत नाही. मुरूडचीला रम नको, सासूबाईंना आणि नौपाड्याचीला अंडं नको. पण सहा घरं एकत्र जमणार आणि नाताळचा केक घरात नाही, हेही मला नको होतं. मी सासूबाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "डब्यातून आलेलं डब्यातून जाऊ दे. माझ्या भांड्यांना नको, पोरांच्या तोंडाला चालेल." गॅलरीत वेगळं टेबल मांडलं, त्यावर वसईचीच्याच बशा, तिचीच सुरी, आणि कशात काय आहे ते लिहिलेल्या चिठ्ठ्या. तिने बिनरमचा खजुराचा एक छोटा केकही केला होता, त्याच्यावर वेगळी चिठ्ठी. चिठ्ठ्यांनी एक चांगलं काम केलं. कुणालाही कुणाला काही विचारावं लागलं नाही, आणि कुणालाही चारचौघांत 'मी हे खात नाही' म्हणावं लागलं नाही.

कळव्याचीच्या फोनवर जेवणाचा विषय दोन मिनिटांत संपला. तिला चालणार नव्हतं ते वेगळंच. "निघताना हळदीकुंकू लावायला आणू नकोस. मी घेत नाही, आणि सगळ्यांसमोर हात मागे घ्यायला मला आवडत नाही." बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तिच्या घरात मनापासून पाळल्या जातात. आमच्या घरातून आजवर एकही बाई कुंकवाशिवाय बाहेर पडलेली नाही, हे सासूबाईंचं व्रतच आहे म्हणा ना. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. भाजी निवडत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "मग तिला रिकामी कशी पाठवायची?" शेवटी ठरलं की निघताना प्रत्येकाच्या हातात एक संत्रं द्यायचं. बाई, पुरुष, सवाष्ण, विधवा, कुणालाच वेगळं नाही. नौपाड्याचीची थोरली जाऊ विधवा आहे, तीही येणार होती. हळदीकुंकवाच्या वेळी ती नेहमी आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते, हे मी तिच्याकडे पाहिलेलं आहे. कळव्याचीने तोंडाने मागितलं ते तिलाही मिळालं.

मुरूडचीने मला आधीच थांबवलं. "माझ्यासाठी थंडीतला सण शोधत बसू नकोस. नसतो तेव्हा नसतो. मी पाहुणी म्हणून येईन, सांदण आणीन." मीही मग त्या कोऱ्या ओळीत काही भरायला गेले नाही. तिला फक्त स्वच्छ जमीन, वुजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी आणि थोडी शांतता हवी होती.

एक फोन मात्र मी धास्तावूनच केला. गाझातलं युद्ध चालू होतं. मुरूडची आणि टेंभी नाक्याची एका खोलीत बसणार. त्या रोज एकाच डब्यातून जातात, पण गाडीत विषय बदलता येतो, स्टेशन येतं. मी दोघींना वेगवेगळं विचारलं, तुला अवघड वाटेल का? मुरूडची म्हणाली, मला त्या बातम्यांनी झोप लागत नाही आणि ते मी लपवणार नाही, पण तिच्या आईच्या समोर मी तो विषय काढणार नाही. टेंभी नाक्याची म्हणाली, माझा भाऊ तिकडे आहे, भाचा सैन्यात. मलाही झोप लागत नाही. मी एकीचं दुसरीला सांगितलं नाही. त्या रात्री दोघी गॅलरीत बऱ्याच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ते मी विचारलेलं नाही.

साडेचारला पहिली बेल वाजली. पाचला पंगत बसली, नौपाड्याची सगळी मंडळी, वसईचीचा नवरा आणि मुलं, कळव्याचीच्या दोन्ही मुली, आमचे मामंजी. जेवण होईतो उन्हं समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढली होती. नौपाड्याचीने सहाच्या सुमाराला तांब्यातून शेवटचं पाणी घेतलं, हात जोडून मनातल्या मनात पच्चक्खाण, म्हणजे आता काही न घेण्याचा नेम, घेतलं आणि तांब्या उपडा घातला.

मग दहा-पंधरा मिनिटं घरात जे झालं त्यासाठीच हा सगळा खटाटोप केला असं मला आजही वाटतं. आतल्या खोलीत मुरूडची. पश्चिमेच्या भिंतीला आमचं आरशाचं कपाट आहे, त्यावर मी पांढरी चादर टाकून ठेवली होती, कारण समोर आपलंच प्रतिबिंब नको असं ती म्हणाली होती. तिने स्वतःची जानमाज अंथरली आणि दार लोटून घेतलं. देवघरात सासूबाईंनी निरांजन लावलं, उदबत्ती मात्र बाहेर तुळशीपाशी लावली, आतल्या खोलीत धूर जाऊ नये म्हणून. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. आमची धाकटी त्यांच्यामागे उभी राहून शुभंकरोति म्हणाली, रोजच्यापेक्षा हळू. वसईची खिडकीपाशी गेली, क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटून उभी राहिली. तिच्या माहेरी संध्याकाळची घंटा झाली की शेतातला माणूसही क्षणभर थांबतो, हे तिने पूर्वी गाडीत सांगितलं होतं. कळव्याचीची वंदना घरच्या तसबिरीसमोर होते, ती इथे करायची नव्हती. ती सोफ्यावर शांत बसून राहिली आणि बोलायला लागलेल्या मुलाला तिने नुसतं मांडीवर ओढून घेतलं. कुणी कुणाच्या प्रार्थनेत सामील झालं नाही. कुणी कुणाकडे टक लावून पाहिलंही नाही. एकाच घरात, एकाच वेळी, जो तो आपापल्या ठिकाणी होता.

टेंभी नाक्याचीचा दिवा माझ्या घरी लावायचा, अशी माझी कल्पना होती. मधोमध टेबल, त्यावर दिवा, भोवती सगळे. फोनवर तिने ते सरळ मोडीत काढलं होतं. "आमचा दिवा ज्याच्या त्याच्या घरी लागतो. पार्टीत लावला तर तो नुसता शोभेचा, त्यावर आशीर्वाद म्हणता येत नाही. तुम्हाला बघायचा तर तुम्ही या." म्हणून सातला आम्हीच निघालो. चरईतून टेंभी नाका चालत काही लांब नाही. थंडी अशी ठाण्यात पडतच नाही, पण त्या दिवशी हवेत गारवा होता. कोपऱ्यावर तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दुरून पाहिलं. शार हशामाईम, १८७९ सालचं. इतकी वर्षं बाजारात जाता-येता समोरून गेलेय, पण आत काय चालतं याचा विचार कधी मनात आला नव्हता.

मावशी, म्हणजे तिची आई, दारातच उभ्या होत्या. शब्बाथ संपल्याची प्रार्थना, हवदाला, त्यांनी आधीच उरकली होती. त्यासाठी लागणारा द्राक्षरस बेने इस्रायली घरात काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून करतात. त्याचा पेला अजून टेबलावर होता आणि मनुकांचा गोडसर वास खोलीत होता. खिडकीत पितळी चौकट, त्यात आठ काचेच्या वाट्या ओळीने, आणि एक जरा वर. ती शमाश, बाकीचे दिवे पेटवणारी. चौथी रात्र, म्हणून चार वाट्यांत तेल. वाट्या भरताना उजवीकडून भरल्या होत्या, पेटवताना मात्र मावशींनी डावीकडच्या, त्या दिवशीच्या नव्या वातीपासून सुरुवात केली. हिब्रूतले आशीर्वाद त्यांनी बारीक आवाजात म्हटले आणि लगेच मराठीत म्हणाल्या, "आता बसा. हे दिवे जळतायत तोवर बायकांनी काम करायचं नाही. याच्या उजेडात वाचायचंही नाही, नुसतं बघायचं."

आम्ही अर्धा तास खरोखर काहीच केलं नाही. मावशी बोलत होत्या. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, ही त्यांच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा. कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आणि जे मला मुळीच ठाऊक नव्हतं ते त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्यांच्या पूर्वजांना हनुक्का माहीतच नव्हता. बाकीच्या ज्यू जगाशी संबंध तुटलेला, तेल रोज हातात, पण तेलाचा हा सण त्यांच्यापर्यंत पोचला तो फार नंतर, बाहेरच्या ज्यूंशी गाठ पडल्यावर. मुरूडचीने रेवदंड्याकडच्या एका वाडीचं नाव काढलं आणि मावशी तिचा हात धरून तिथल्या विहिरीचं, माडांचं विचारत बसल्या.

दुसरी पंगत आठ ऐवजी साडेआठला बसली. मावशी आल्या. नौपाड्याचीने पदर खोचून वाढायचं काम मागून घेतलं, तिला खायचं नव्हतं पण बाजूला बसून राहायचंही नव्हतं. सांदण नारळाच्या रसात बुडवून खाल्ले, फुगे संपले, खजुराचा केक सगळ्यात आधी संपला. जेवता जेवता वसईचीच्या मुलाने कळव्याचीला विचारलं, तुमच्याकडे २५ ला काय असतं? तिने लहान मुलाला समजेल असं सांगितलं, की एका पुस्तकात लिहिलं होतं, काही माणसं जन्मानेच खालची आणि बायकांनी कायम कुणाच्या तरी ताब्यात राहायचं, ते पुस्तक बाबासाहेबांनी महाडला जाळलं. तिचं माहेर तिकडचंच. म्हणून आम्ही तो दिवस स्त्रीमुक्तीचा म्हणूनही पाळतो, असं म्हणाली. पंगत शांत झाली. माझ्या सासूबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी तिच्या ताटात लोण्याचा गोळा घातला आणि म्हणाल्या, "तू वाच कधीतरी मला, त्यात काय काय लिहिलं होतं ते." फेब्रुवारीत एका रविवारी तिने खरंच येऊन वाचून दाखवलं. सासूबाईंनी मधे मधे थांबवून प्रश्न विचारले, मी चहा करत ऐकत होते.

२०२५ सालचं ठरवायला त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच बसलो. हनुक्का १४ डिसेंबरपासून, मार्गशीर्ष विसाव्या तारखेच्या आसपास संपणार, पोषदशमीही १४ लाच. म्हणजे रविवार, २१ तारीख सगळ्यांना मोकळी, मांस-मच्छीही चालेल. मी खूश. तर वसईची म्हणाली, "मला नाही चालणार. आगमनकाळातला चौथा रविवार तो. नाताळच्या आधी आम्ही नाताळ करत नाही. गोठा बांधायचा असतो, बाळ ठेवायचं नसतं." बऱ्याच वेळ कॅलेंडर पुढे-मागे केलं. शेवटी तीच म्हणाली, मग तुम्ही माझ्या माहेरी वसईला या आणि गोठा बांधायला हात लावा. बारा वाजता जेवण. इंद्याल एका चुलीवर, बिनकंदमुळांचं जेवण तिच्या शेजारच्या गुजराती घरातून. आठवा आणि शेवटचा दिवा मावशींना घरी लावायचा होता, त्यामुळे साडेतीनला निघायचं. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडचा भरवसा नाही, म्हणून कळव्याचीने दिवा-वसई गाडीचं वेळापत्रक काढून सगळ्यांना पाठवलं.